उंबरठ्यावरचा बाजार

दुपारची जेवणे आटोपून झाकपाक झाली, की वाड्याच्या दारात बोहारीण येऊन टेके. डोक्यावरची पाटी उतरवून ती भांडी मांडी आणि आतून जुन्या कपड्यांचे गाठोडे बाहेर येई. पुढचा अर्धा-पाऊण तास पाहण्यासारखा असे. बोहारीण सदरा उजेडाकडे धरून विरलेली जागा बोटाने दाखवी. घरधनीण लुगड्याचा काठ अजून कसा शाबूत आहे ते पटवून देई. एक पातेले पुढे सरके, मागे जाई, त्याच्याऐवजी लहान डबा येई. बोहारीण पाटी उचलून निघाल्यासारखे करी आणि चार पावलांवरून परत बोलावली जाई. या व्यवहारात रोख पैसा नव्हता आणि पुरुषही नव्हता. घरातल्या बाईच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा क्वचितच असे. पण जुन्या कपड्यांवर तिचा अधिकार चाले. तेवढ्या भांडवलावर ती उंबरठ्याच्या आत बसून बाजार करी. उंबरठ्याच्या बाहेर बसलेली दुसरी बाई कापडाची पारख, माणसाची पारख आणि घासाघीस या तीन विद्यांवर आपले घर चालवी.

कासाराचेही तसेच. परक्या पुरुषाने बाईचा हात हातात घेणे एरवी अशक्य. बांगड्या भरणाऱ्या कासाराला मात्र परंपरेने ती मुभा दिली होती. दुकानात गिऱ्हाईक मालाकडे जाते. उंबरठ्यावरच्या बाजारात माल ओळखीच्या आणि विश्वासाच्या बोटाला धरून घरात येतो.

आज या व्यापाराला 'थेट विक्री' असे कोरडे नाव आहे. मधले दुकान गाळून कंपनीचा माल विक्रेत्यामार्फत सरळ गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा, ही त्याची साधी व्याख्या. परंतु या धंद्यातल्या कंपन्या केवळ उत्पन्नाचे आश्वासन देत नाहीत. आत्मविश्वास, सभाधीटपणा, नेतृत्व, नव्या ओळखी, थोडक्यात व्यक्तिमत्त्वाचा विकास, असे त्यांचे मोठे वचन असते. हे वचन कितपत खरे? टीकाकार म्हणतात, ते साखळी-फसवणुकीचे गोड वेष्टन आहे. ज्यांचे आयुष्य या कामाने पालटले त्या बाया म्हणतात, आम्हाला विचारा. सुमारे १४० वर्षांचा इतिहास तपासला तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य सापडते. कोणाचे केव्हा खरे ठरते, हे मात्र त्या इतिहासातूनच उलगडते. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, म्हणून आधी तिकडे जाऊ.

पुस्तकविक्रेत्याचे अत्तर

डेव्हिड मॅकॉनेल हा न्यूयॉर्क राज्यातला तरुण दारोदार पुस्तके विकत असे. दार बहुधा घरातली बाई उघडी, आणि पुस्तकाचे नाव काढताच ते बंद होई. म्हणून त्याने एक युक्ती काढली. दार उघडणाऱ्या बाईला अत्तराची छोटी कुपी भेट द्यायची आणि मग पुस्तकाकडे वळायचे. लवकरच त्याच्या ध्यानात आले, की बायांना त्याच्या पुस्तकांपेक्षा कुपीत अधिक रस आहे. १८८६ मध्ये त्याने 'कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी' काढली. नावात कॅलिफोर्निया असले तरी कंपनी न्यूयॉर्कमध्येच होती. हीच पुढे १९३९ मध्ये 'एव्हॉन' झाली.

त्याची दुसरी सूझ अधिक महत्त्वाची होती. दार उघडणारी बाई असेल, तर दार ठोठावणारीही बाईच असावी. न्यू हॅम्पशरमधल्या विंचेस्टर या लहान गावात राहणाऱ्या श्रीमती पर्सिस आल्बी या कंपनीच्या पहिल्या सर्वसाधारण एजंट ठरल्या. त्या पन्नाशीच्या आसपास होत्या. घोडागाडीने आणि आगगाडीने त्या गावोगाव फिरल्या. त्यांनी माल विकलाच, पण त्याहून मोठे काम म्हणजे माल विकणाऱ्या इतर बाया शोधून तयार केल्या.

तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. अमेरिकन स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला अजून ३४ वर्षे होती. लहान गावातल्या विवाहित बाईला घराबाहेर काम मिळणे दुरापास्त होते आणि मिळाले तरी ते अप्रतिष्ठेचे मानले जाई. अत्तरे आणि साबण घेऊन शेजारणीकडे जाणे मात्र खपून जाई. ती भेट आहे की धंदा, हे बाहेरून कळतच नसे. या संदिग्धतेनेच बाईला वाट करून दिली. मागणी लिहून घेणे, माल मागवणे, आल्यावर पोचवणे, पैसे वसूल करणे, कंपनीचा वाटा पाठवून आपला राखणे, हे सगळे तिला स्वतः करावे लागे. हिशेबाची वही तिच्या हाती आली ती अशी. कंपनीने तिला कोणतेही शिक्षण दिले नसते, तरी त्या वहीने ते दिलेच असते.

दुसरी बाजूही याच काळात घडली. या बाया कंपनीच्या नोकर नव्हत्या. कागदोपत्री त्या स्वतंत्र व्यावसायिक होत्या. पगार नाही, आजारपणाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा आला, तेव्हा तो पगारी नोकरांपुरता होता. उंबरठ्यावरच्या विक्रेत्या त्याच्या बाहेर राहिल्या. एकाच तरतुदीने त्यांना मोकळीकही दिली आणि वाऱ्यावरही सोडले.

धोबिणीची परिषद

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. तेव्हा लुइझियाना राज्यातल्या डेल्टा गावी सारा ब्रीडलव्ह नावाची मुलगी पाच वर्षांची होती. जन्म २३ डिसेंबर १८६७. आईबाप कापसाच्या मळ्यातले गुलाम होते. गुलामी संपल्यानंतर जन्मलेली ती त्यांची पहिली मुलगी. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी लहान मुलगी पदरात असताना ती विधवा झाली. मग सेंट लुइस शहरात ती लोकांचे कपडे धुऊ लागली. दिवसाची कमाई जेमतेम दीड डॉलर.

कष्ट, निकृष्ट आहार आणि टाळूचा रोग यांमुळे तिचे केस गळू लागले. त्या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांत ही तक्रार सर्रास होती. ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केसांची औषधे दारोदार विकणारी एजंट म्हणून साराने सुरुवात केली. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली. पुढच्याच वर्षी चार्ल्स वॉकरशी लग्न करून तिने 'मॅडम सी. जे. वॉकर' या नावाने स्वतःचा माल विकायला घेतला. १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना आला. हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया तिच्या एजंट झाल्या.

या बायांपुढे दुसरे पर्याय कोणते होते? गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक, मुले सांभाळणे, नाहीतर शेतमजुरी. या प्रत्येक कामात मालक गोरा आणि दार मागचे. वॉकरच्या एजंट बाईची पायरी मात्र तिच्याच वस्तीतल्या घराची होती. ती पुढच्या दाराने जाई, नीटनेटका पोशाख करून जाई आणि समोरची बाई तिला जाणकार मानून सल्ला विचारी. 'व्यक्तिमत्त्व विकास' या आज गुळगुळीत झालेल्या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा, तर आधी हे दृश्य पाहावे. मागच्या दाराने जाणारी बाई पुढच्या दाराने जाऊ लागली, हा तो विकास.

वॉकरबाईंवर आक्षेपही होते. केसांची निगा म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असे त्यांच्याच समाजातले काही पुढारी म्हणत. १९१२ मध्ये शिकागोला कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाचे अधिवेशन भरले. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना बोलायची संधी दिली नाही. अखेर शेवटच्या दिवशी त्या आपल्या जागेवरून उठल्या आणि बोलल्याच. आपण कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबापर्यंत, तिथून स्वयंपाकघरात आणि तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंत स्वतःच्या बळावर आलो, हे त्यांनी सभेला ऐकवले. पुढच्या वर्षी त्याच संघाने त्यांना वक्त्या म्हणून बोलावले. दारोदार माल विकताना नकार पचवायची सवय झालेल्या बाईला अध्यक्षांचा नकार अखेरचा वाटला नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम १९१७ मधले. ऑगस्टअखेर फिलाडेल्फियात त्यांनी आपल्या एजंट स्त्रियांची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. २०० हून अधिक प्रतिनिधी जमल्या. सर्वाधिक विक्री करणारीला बक्षीस होतेच. पण आपल्या वस्तीतल्या धर्मादाय कामासाठी सर्वाधिक देणारीलाही बक्षीस होते. त्या वर्षी जुलैमध्ये ईस्ट सेंट लुइस शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. परिषदेने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार पाठवून जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध केंद्रीय कायद्याची मागणी केली. केसांचे मलम विकणाऱ्या बायांची सभा देशाच्या अध्यक्षाकडे न्याय मागते, हे त्या देशाला नवे होते.

इथे विक्रीचे कौशल्य विक्रीपुरते राहिले नाही. घरोघर जाणे, अनोळखी बाईशी बोलणे, यादी ठेवणे, वर्गणी गोळा करणे या सवयी कोणत्याही चळवळीला लागतातच. कंपनीची मालकीणही त्याच समाजातली होती आणि तिचे व तिच्या एजंटांचे दुःख एक होते. २५ मे १९१९ रोजी वॉकरबाई वारल्या. कंपनीच्या पुढच्या नफ्यातला दोन तृतीयांश वाटा लोकोपयोगी कामांना द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

निमंत्रणाचा शोध

दारोदार फिरणाऱ्यांचा लोकांना त्रासही होता. १९०६ पासून ब्रश विकणाऱ्या फुलर कंपनीचे विक्रेते अमेरिकाभर घंटा वाजवत हिंडत. वायोमिंग राज्यात ग्रीन रिव्हर नावाचे रेल्वेचे गाव आहे. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपत आणि विक्रेत्यांच्या घंटेने त्यांची झोप मोडे. १९३१ मध्ये गावाने ठराव केला, की घरमालकाने बोलावल्याशिवाय कोणी विकायला दारात जाऊ नये. फुलर कंपनी न्यायालयात गेली आणि हरली. गावोगाव तसेच ठराव होऊ लागले.

घंटा वाजवायला बंदी, तर निमंत्रणच मिळवावे. घरच्या मेळाव्याची पद्धत या काळात फोफावली ती या अडचणीतून वाट काढत. एका बाईने आपल्या घरी शेजारणींना बोलवायचे, विक्रेतीने तिथे माल दाखवायचा आणि यजमानीण बाईला भेटवस्तू मिळायची. स्टॅनली होम प्रॉडक्ट्स या कंपनीने ही पद्धत रुळवली. तिथेच डेट्रॉइटची ब्राउनी वाइज नावाची घटस्फोटित स्त्री एका मुलाला वाढवत विक्री शिकली.

अर्ल टपर या संशोधकाने १९४६ च्या सुमारास प्लास्टिकची हवाबंद झाकणाची भांडी बाजारात आणली. दुकानांत ती पडून राहिली, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची हे कोणी दाखवल्याशिवाय कळत नसे. ब्राउनी वाइज मेळाव्यात वाडग्यात द्राक्षाचा रस भरी, झाकण लावी आणि वाडगा खोलीच्या पलीकडे फेकी. रस सांडत नसे. तिची विक्री पाहून टपरने १९५१ मध्ये तिला उपाध्यक्ष केले आणि दुकानांतून माल काढून घेतला. यापुढे टपरवेअर फक्त घरच्या मेळाव्यांत मिळणार होते.

महायुद्ध संपल्यावर कारखान्यांतल्या बायांना घरी पाठवले होते. शहरांबाहेर नवी घरे उभी राहत होती. तिथे दिवसा बाया आणि मुलेच असत. अशा बायांना चार जणींत बसायला, हसायला आणि थोडे कमवायला निमित्त मिळाले. वाइजला आपल्या लोकांची नस ठाऊक होती. माणसे घडवली की माणसेच धंदा घडवतात, असे तिचे सूत्र होते. ती विक्रेत्यांना पत्रे लिही, त्यांची नावे व्यासपीठावरून घेई. ज्या बाईच्या कामाचे घरात कधी कौतुक झाले नव्हते, तिच्यासाठी टाळ्या वाजत. एप्रिल १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. त्याच महिन्यात फ्लोरिडातल्या मुख्यालयात विक्रेत्यांचा मोठा मेळावा भरला. जमिनीत बक्षिसे पुरून ठेवली होती आणि ६०० फावडी घेऊन बायांनी ती खणून काढली.

पण व्यासपीठ कोणाचे होते? विक्रेती वर चढत चढत वितरक झाली, की नवऱ्याने आपली नोकरी सोडून तिच्याबरोबर धंद्यात यायचे, अशी प्रथा पडली. बाईने उभे केलेल्या कामाला वरच्या पायरीवर पुरुषाचे नाव जोडले जाई. वाइजच्या नावावर कंपनीचा एकही समभाग नव्हता. ती राहत होती ते घरही कंपनीचे होते. जानेवारी १९५८ मध्ये टपरने तिला काढून टाकले. अखेर एक वर्षाच्या पगारावर तडजोड झाली. त्याच वर्षी टपरने कंपनी विकली. वाइजच्या आत्मचरित्राच्या उरलेल्या प्रती मुख्यालयामागे खड्डा खणून पुरण्यात आल्या, असे तिचे चरित्रकार बॉब कीलिंग यांनी नोंदवले आहे. बक्षिसे उकरून काढण्यासाठी ज्या आवारात फावडी चालली होती, तिथेच ती मेळावे भरवणाऱ्या बाईचे पुस्तक पुरले गेले.

वाइजने हजारो जणींना उभे राहायला शिकवले, यात शंका नाही. पण ज्या जमिनीवर त्या उभ्या होत्या ती त्यांची नव्हती. वॉकर आणि वाइज यांच्यातला फरक स्वभावाचा नाही, मालकीचा आहे.

सहाचा तेरावा घात

याच सुमारास धंद्याच्या रचनेत एक बदल होत होता. १९४५ पासून न्यूट्रिलाइट या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या वितरणात नवी पद्धत आली. विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीबरोबरच त्याने आणलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही मोबदला मिळू लागला. रिच डिव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे तिथलेच दोघे वितरक. त्यांनी १९५९ मध्ये ॲमवे काढली. माणसे जोडणे श्रीमती आल्बींनीही केले होते. पण आता जोडलेल्या माणसाखाली जोडलेली माणसे अशी उतरंड झाली.

उतरंड किती खोल जाऊ शकते, याचे गणित शाळकरी मुलगाही करील. प्रत्येकाने सहा जण जोडले, तर दहाव्या पायरीवर ६ कोटींहून अधिक माणसे लागतात. अकराव्या पायरीवर ३६ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. तेराव्या पायरीवर १३०० कोटींहून अधिक माणसे लागतील; एवढी पृथ्वीवरही नाहीत. मोबदला माल विकण्याऐवजी माणसे जोडण्यातून मिळत असेल, तर शेवटच्या पायरीवरच्यांचे नुकसान ठरलेलेच असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० च्या दशकात कॉस्कॉट या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात हीच कसोटी लावली आणि ती पद्धत बेकायदा ठरवली. १९७९ च्या निर्णयात ॲमवे मात्र सुटली. न विकलेला माल परत घेणे, खऱ्या गिऱ्हाइकांना विक्री झालीच पाहिजे असा आग्रह, असे तिचे नियम आयोगाने ग्राह्य धरले. काही दरांविषयीच्या आणि उत्पन्नाविषयीच्या दाव्यांबद्दल मात्र तिलाही समज मिळाली.

पैशाचे नुकसान मोजता येते. दुसरे नुकसान मोजता येत नाही. निकोल बिगार्ट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या थेट विक्रीवर अभ्यासग्रंथ लिहिला. कार्यालयात माणसे नियमांनी बांधलेली असतात. या धंद्यात ती कुटुंब, मैत्री आणि श्रद्धा यांनी बांधली जातात, असे त्यांनी दाखवले. बळ तिथेच आहे आणि धोकाही तिथेच. नोकरीत अपयश आले तर माणूस साहेबाला, बाजाराला, नशिबाला बोल लावू शकतो. इथे 'तू ठरवलेस तर काहीही करू शकतेस' हे वाक्य रोज ऐकलेले असते. मग माल खपला नाही, तर उलटा अर्थ आपोआप निघतो: तू मनापासून ठरवलेच नाहीस. गणिताने अटळ असलेले अपयश बाई स्वतःच्या स्वभावावर ओढून घेते. त्यात नणंदेला, मैत्रिणीला, मुलाच्या शिक्षिकेला 'संधी' समजावून सांगण्यात जुनी नाती खर्ची पडलेली असतात. व्यक्तिमत्त्व विकास हे कामातून निघणारे फळ न राहता स्वतःच विकायचा माल बनले, तिकिटे लावून त्याची शिबिरे भरू लागली, की त्याची किंमत विक्रेतीच मोजते.

आपल्या दारातल्या बाया

आपल्याकडे या धंद्याचा बोलबाला १९९० नंतर झाला. युरेका फोर्ब्जचे टाय लावलेले तरुण १९८० च्या दशकातच शहरांत घरोघर फिरू लागले होते. उदारीकरणानंतर ओरिफ्लेम, टपरवेअर, एव्हॉन आणि ॲमवे यांनी पाठोपाठ भारतात बस्तान बसवले. टपरवेअरचा मेळावा आपल्याकडच्या बायांना परका वाटायचे कारण नव्हते. एकीने घरी बोलवायचे, शेजारणींनी नटूनथटून यायचे, काही खायचे, गप्पा मारायच्या आणि जाताना हातात एक वस्तू असायची. हळदीकुंकवाची रीत हीच. फरक एवढाच, की हळदीकुंकवात वाण यजमानीण देते आणि परतफेडीचे ओझे हलके ठेवते. मेळाव्यात वस्तू विकत घ्यायची असते आणि 'हिच्या घरचा चहा प्यालो, आता काहीतरी घ्यायला हवे' हा संकोच विक्री घडवतो. यजमानीणपणाच्या पुण्याईवर धंदा उभा राहतो.

पण आपल्याकडची सर्वांत अर्थपूर्ण थेट विक्री परदेशी कंपन्यांच्या आधीची आहे. तिचा माल म्हणजे बचत. १९७२ मध्ये सरकारने महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू केली. एजंट फक्त स्त्रीच असू शकते. ती दर महिन्याला घरोघर जाऊन डाकघराच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करते, कार्डावर नोंद करते, पैसे डाकघरात भरते आणि जमा रकमेवर ४ टक्के कमिशन मिळवते. शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या वसाहतींत ही बाई ओळखीची असे. पर्समध्ये रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा, महिन्याचे पहिले काही दिवस तिची लगबग, 'या महिन्यात जरा अडचण आहे' हे ऐकून घेण्याची तयारी. कोणत्या घरात कोणाचे लग्न निघाले आहे, कोणाचा कारखाना बंद पडला, कोणती बाई नवऱ्याला न सांगता शंभर रुपये बाजूला टाकते, हे सगळे तिला ठाऊक असे आणि ते तिच्या पोटात राहावे लागे. दुसऱ्याचे पैसे आणि दुसऱ्याचे गुपित एकाच पर्समध्ये सांभाळायचे, ही जबाबदारी माणसाला घडवते.

तिला व्यासपीठावर कोणी बोलावले नाही, तिच्यासाठी टाळ्या वाजल्या नाहीत. पण तिच्या खाली उतरंडही नव्हती. तिची कमाई माणसे जोडण्यावर अवलंबून नव्हती. खरोखर साठलेल्या बचतीवर होती. तिच्या गिऱ्हाइकाचे हित आणि तिचे हित एका रेषेत होते.

पुढे २००१ च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा जिल्ह्यात हिंदुस्थान लिव्हरने बचत गटांतल्या बायांमार्फत साबण-शाम्पू विकायला सुरुवात केली; 'शक्ती अम्मा' हे नाव तिथले. दुकान न पोचणाऱ्या गावात बाईच दुकान झाली. कंपनीला खेडी मिळाली आणि बाईला उत्पन्न व ओळख. बचत गटाचा आधार असल्याने ती एकटी पडत नव्हती, हे यात महत्त्वाचे.

उंबरठा कोणाचा

कायदा या धंद्याच्या मागून चालत आला. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैशाच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९७८ मध्येच झाला. तरीही नव्या नावाने जुनी साखळी येत राहिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे स्वतंत्र नियम आले. मनोऱ्यासारख्या योजनांना त्यांत मनाई आहे. आणखी एक नियम आहे: विक्रेत्याने ओळखपत्र बाळगावे आणि आधी परवानगी घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये. ग्रीन रिव्हरमधल्या झोपमोड झालेल्या कामगारांचा ठराव ९० वर्षांनी आपल्या दारापर्यंत पोचला.

दरम्यान दिवस पालटले. २०२४ मध्ये ऑगस्टात एव्हॉनच्या मूळ अमेरिकन कंपनीने आणि सप्टेंबरात टपरवेअरने दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला. दुपारी घरी असणारी बाई आता नोकरीवर असते आणि माल मोबाइलवरून येतो. बोहारीणही क्वचितच दिसते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. या कामाने माणूस वाढतो का? श्रीमती आल्बी, वॉकरबाईंच्या एजंट, टपरवेअरच्या विक्रेत्या आणि डाकघराच्या बचतीची कार्डे घेऊन फिरणाऱ्या बाया यांच्याकडे पाहिले तर उत्तर होकारार्थी आहे. मात्र वाढ कोणत्या गोष्टीने झाली ते नीट पाहिले पाहिजे. घराबाहेर पडायला मिळालेले मान्य कारण, स्वतःच्या हातची हिशेबाची वही, नकार ऐकूनही दुसऱ्या दाराशी जाण्याची सवय आणि दुसऱ्याने टाकलेला विश्वास: या चार गोष्टींनी ती झाली. या चारही गोष्टी कामाच्या आहेत, कंपनीच्या नाहीत. बोहारणीकडे त्या चारही होत्या. तिला कधी कोणी व्यक्तिमत्त्व विकासाचे पत्रक दिले नव्हते.

म्हणून उद्या ओळखीची कोणी अशा कामाविषयी विचारू लागली, तर तिला हुरूप द्यावा की सावध करावे, अशा पेचात पडायचे कारण नाही. तिला दोन प्रश्न विचारायला सांगावे. पैसे माल विकून मिळणार की माणसे आणून? आणि काम सोडले तर वही, ओळखी आणि मान यांतले काय आपल्याबरोबर घरी येईल? पहिल्याचे उत्तर 'माल विकून' असेल आणि दुसऱ्याचे 'सगळे', तर तिने खुशाल उंबरठा ओलांडावा. नाहीतर बोहारणीने विरलेला सदरा उजेडाकडे धरावा, तशी ती 'संधी' उजेडाकडे धरून पाहावी.